नवं कबुतर घरी आलंय? हे वाचल्याशिवाय ढाबळीत सोडू नका!

बाजारातून कबुतरांची जोडी आणली की पहिली घाई होते ती ढाबळीत सोडायची. लक्का असेल तर त्याचा पिसारा गल्लीला दाखवायचा असतो, गिरेबाज असेल तर त्याच्या कोलांट्या बघायच्या असतात. पण भडगाव असो की पाचोरा, चाळीसगाव असो की पारोळा, जुन्या कबुतरांमध्ये रोग शिरतो तो बहुतेक वेळा या नव्या पाहुण्याबरोबरच. आठ-दहा दिवसांनी "भाऊ, कबुतर मान टाकी ऱ्हायनं" अशी हाक येते, तोवर सगळी ढाबळ एकाच भांड्यातलं पाणी प्यायलेली असते.

म्हणून नव्या कबुतराच्या तब्येतीबद्दलच्या या भन्नाट गोष्टी. एक डायनासोरपर्यंत जाते, एक व्हिटॅमिनच्या शोधापर्यंत आणि एक थेट आपल्या नवापूरपर्यंत. सगळ्यांचं सांगणं मात्र एकच: आधी वेगळं ठेवा, मग नीट बघा, मग तपासून घ्या आणि औषध सगळ्यात शेवटी.

१. आजार लपवण्यात एक नंबर

कमजोर दिसणारं पाखरू ससाण्याच्या नजरेत आधी भरतं. त्यामुळे आजारी कबुतरही शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं दाखवतं. तुम्ही जवळ गेलात की ते अंग सावरून ताठ उभं राहतं. खरी तब्येत बघायची तर दहा मिनिटं लांबूनच बघा. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलंय का? डोळे अर्धे मिटलेत का? दाणे टाकल्यावर सगळ्यात शेवटी येतंय का? दाणा चोचीत धरून पुन्हा टाकून देतंय का?

मग हातात घ्या आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना भरीव मांस लागलं तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला लागलं, तर ते कबुतर आज नाही, बऱ्याच दिवसांपासून आजारी आहे. साधं कबुतर साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरतं. घरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून दोनदा वजन करून वहीत लिहा. डोळ्याला दिसायच्या आधी आजार काट्यावर दिसतो.

२. अंग गरम लागलं म्हणजे ताप नव्हे

कबुतराचं नेहमीचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. माणसाच्या अंगात एवढी उष्णता झाली तर जिवावर बेतेल. त्यामुळे कबुतर हातात घेऊन "ताप आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

याच उष्णतेमुळे एका बुरशीची कबुतराच्या अंगात डाळ शिजत नाही. तिचं नाव क्रिप्टोकोकस. कबुतराच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत ती मजेत वाढते. अमेरिकी संशोधक चेस्टर एमन्स यांनी १९५५ मध्ये हे दाखवून दिलं. कबुतराला तिचा सहसा त्रास होत नाही. पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसात आणि मेंदूच्या आवरणात ती शिरू शकते. शिवाय विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतला दादरचा कबुतरखाना बंद केला गेला, तेव्हा हाच धोका सगळ्यांच्या तोंडी होता. ढाबळ झाडताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा आणि घरात दम्याचा माणूस असेल तर हे काम त्याला देऊ नका.

३. शिट बोलते, वाचता आली पाहिजे

नव्या कबुतराच्या पिंजऱ्यात खाली पांढरा कागद अंथरा. सकाळी तो कागद म्हणजे फुकटातला रिपोर्ट. पाखराच्या शिटेत तीन गोष्टी एकत्र असतात: तपकिरी-हिरवट विष्ठा, वरचा पांढरा भाग (तो मूत्रातून येणारा युरेट) आणि थोडं पाणी. घट्ट गोळी आणि वर पांढरी टोपी असेल तर पचन ठीक.

शिट गडद हिरवी आणि पातळ झाली की समजा, पोटात दाणा जात नाहीये. आतडी रिकामी असली तरी पित्त येतच राहतं आणि त्याचा हिरवा रंग उतरतो. यातली गंमत अशी, की कबुतराला पित्ताशयच नसतं! त्याच्या यकृतातलं पित्त साठून न राहता थेट आतड्यात उतरतं.

एक लक्षात ठेवा. प्रवासाने घाबरलेलं कबुतरही पहिल्या दिवशी पातळ शिट करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कागद तसाच दिसला, तर मात्र डॉक्टर गाठा.

४. कबुतराच्या घशातला रोग टी. रेक्सलाही?

कबुतराची चोच उघडून टॉर्च मारा. निरोगी घसा गुलाबी, ओलसर आणि स्वच्छ असतो. तिथे पिवळट, घट्ट थर दिसला तर तो बहुधा कँकर. ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय सूक्ष्म परजीवीचं हे काम. थर वाढत गेला की दाणा गिळता येत नाही, मग श्वासही अडतो.

२००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी टायरॅनोसॉरस रेक्सच्या जबड्यांतली गुळगुळीत कडांची भोकं तपासली. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या 'सू' या प्रसिद्ध सांगाड्याच्या जबड्यातही ती आहेत. आजच्या पक्ष्यांमध्ये या रोगाने जबड्याला होणाऱ्या जखमांशी ती इतकी जुळली, की त्या महाकाय प्राण्यालाही असाच काही रोग होत असावा, असं मत त्यांनी मांडलं. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा तो राक्षस आणि तुमच्या धाब्यावरचा लक्का यांचं दुखणं कदाचित एकाच घराण्यातलं!

घशातला तो थर नखाने किंवा काडीने खरवडायला मात्र जाऊ नका. खालची रक्तवाहिनी फुटली तर कबुतर हातातच जाऊ शकतं.

५. एक थेंब, एक काच, पाच मिनिटं

कँकरचं निदान बघण्यासारखं असतं. डॉक्टर ओला केलेला कापसाचा बोळा कबुतराच्या घशातून हळूच फिरवतात. मग कोमट सलाईनचा एक थेंब काचेवर घेऊन त्यात तो टेकवतात आणि काच लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्या थेंबात परजीवी असतील तर ते आपल्या शेपट्या हलवत धडपडत फिरताना दिसतात. थेंब गार झाला किंवा वाळला की त्यांची हालचाल थांबते आणि मग ते ओळखू येत नाहीत. म्हणून नमुना घरून डबीत नेण्यापेक्षा कबुतरच दवाखान्यात न्यावं.

वाळलं की हा परजीवी मरतो, हे त्याचं मर्म. पाण्याची दोन भांडी ठेवा. एक वापरात, तर दुसरं घासून उन्हात कडकडीत वाळत. खानदेशात उन्हाला तोटा नाही. हे औषध आपल्याला फुकट मिळालेलं आहे.

६. बापही दूध पाजतो!

कबुतराच्या पिल्लाला पहिले काही दिवस दाणा मिळत नाही. आई आणि बाप दोघांच्याही गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत एक दाट, पौष्टिक द्रव तयार होतो आणि तो ते पिल्लाला भरवतात. यालाच कबुतराचं दूध म्हणतात. ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे तयार होतं. बाळंतिणीला दूध येतं त्यामागेही हेच प्रोलॅक्टिन असतं. १९३० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल यांनी या संप्रेरकाला नाव दिलं, ते कबुतरांवरच्या प्रयोगांतून.

आता धोका. वरून ठणठणीत दिसणाऱ्या बऱ्याच कबुतरांच्या घशात कँकरचे परजीवी मुक्कामाला असतात. ते या दुधातून थेट पिल्लाच्या तोंडात जातात. त्यामुळे पिल्लांसकट जोडी आणली असेल तर आधी पिल्लांचे घसे बघा. आई-बापाच्या अंगात काय दडलंय, ते पिल्लं सांगतात.

७. मानमोडी: एक रोग, दोन गावं

कोंबड्यांची मानमोडी खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. कागदोपत्री तिला राणीखेत म्हणतात, कारण १९२० च्या दशकात भारतात ती उत्तराखंडातल्या राणीखेतला ओळखली गेली. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळही ती सापडली. म्हणून जगभर तिचं नाव न्यूकॅसल आणि आपल्याकडे राणीखेत.

कबुतरांना होते ती याच विषाणूची वेगळी जात. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती मध्यपूर्वेत दिसली, १९८१ मध्ये युरोपात पोचली आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या परिसरात. तिच्या फैलावात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या कबुतरांचा मोठा हात होता.

लक्षणं: खूप पाणी पिणं, पाण्यासारखी शिट, डोकं थरथरणं, मान पिळवटून उलटी होणं आणि दाण्यावर मारलेली चोच दाण्याशेजारी पडणं. विषाणूवर औषध नाही. तरी धीर सोडू नका. उथळ ताटलीऐवजी खोलगट वाडगा दाण्यांनी भरून ठेवला तर नेम चुकला तरी दाणा चोचीत येतो. गरज पडली तर भिजवलेले हरभरे, वाटाणे एकेक करून हाताने भरवावे. अशी निगा राखली तर कित्येक कबुतरं काही आठवड्यांत सावरतात. लस आहे, पण ती निरोगी पाखराला आधी टोचायची असते. आजार आल्यावर ती कामाची नाही.

८. मान वळली? तांदूळ तर खात नाही ना?

१९११-१२ मध्ये लंडनमध्ये कासिमिर फुंक नावाचे शास्त्रज्ञ कबुतरांना फक्त पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खायला घालत होते. थोड्याच दिवसांत कबुतरांच्या माना मागे वळल्या, पाय लुळे पडले. मग त्यांना तांदळाच्या कोंड्यातून काढलेला अर्क दिला आणि काही तासांत ती पुन्हा उभी राहिली! या कामातूनच फुंक यांनी १९१२ मध्ये 'व्हिटॅमिन' हा शब्द जगाला दिला. कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे आजचं बी-१.

म्हणजे मान वळलेलं प्रत्येक कबुतर मानमोडीचं नसतं. आधीच्या मालकाने त्याला काय खाऊ घातलं, हे विचारून घ्या. आपल्याकडे दादर ज्वारी, बाजरी, मका, मूग, मठ, हरभरा सगळं पिकतं. असं मिसळीचं धान्य सालासकट मिळालं तर ही वेळ सहसा येत नाही.

९. कबुतरांनी कोंबड्यांना आजारी पाडलं

१९८४ मध्ये ब्रिटनमध्ये कोंबड्यांत अचानक न्यूकॅसलची साथ आली. माग काढत तपास पोचला लिव्हरपूलच्या गोदीत. तिथल्या धान्याच्या साठ्यांवर आजारी रानकबुतरं बसत होती. त्यांच्या विष्ठेने खराब झालेलं धान्य कोंबडीखाद्यात गेलं आणि रोग कितीतरी लांबच्या फार्मवर उतरला.

भडगाव तालुक्यात अनेक घरांत अंगणात कोंबड्या आणि वर कबुतरं, असा कारभार असतो. नव्या कबुतराचा पिंजरा कोंबड्यांच्या खुराड्यापासून आणि धान्याच्या पोत्यांपासून लांब ठेवा. रोज आधी जुन्या पाखरांचं दाणापाणी उरका, नव्यांकडे शेवटी जा आणि मग साबणाने हात धुवा. एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम झालं.

१०. डासाने आणलेली देवी

चोचीच्या कडेला, डोळ्याभोवती किंवा पायावर खडबडीत फोड दिसले तर ती कबुतरांची देवी. तिचा विषाणू मुख्यतः डासांच्या तोंडाला लागून एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर ती जास्त दिसते. फोडांच्या खपल्या होऊन त्या तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात. खपली ओढून काढू नका. तिच्यातच विषाणू असतो आणि जखमेत दुसरे जंतू शिरतात. फोड घशात उतरले तर मात्र डॉक्टर लागतोच. पिंजऱ्याला मच्छरदाणी बांधणं आणि आसपासचं साचलेलं पाणी ओतून देणं, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

११. माशीच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या उवा

कबुतराची पिसं बाजूला सारताना एखादी चपटी, तपकिरी माशी सर्रकन आडवी पळाली, तर ती कबुतरमाशी. ती रक्त पिते आणि एका कबुतराच्या रक्तातला हिमोप्रोटिअस हा परजीवी दुसऱ्याच्या अंगात सोडते. हिवतापाच्या परजीवीचा हा भाऊबंद. १९०६ मध्ये अल्जीरियात काम करणाऱ्या एदमों आणि एतिएन सेर्जां या भावांनी ही साखळी शोधून काढली.

ही माशी अंडी घालत नाही. अळी तिच्या पोटातच वाढते आणि बाहेर आली की लगेच कोष होऊन घरट्याच्या कचऱ्यात पडते. त्यातून नवी माशी निघायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणून दर पंधरवड्याला घरट्यातला कचरा काढून जाळला तर माशीचा वंशच खुंटतो.

आणखी कमाल म्हणजे कबुतराच्या पंखांतल्या लांबट उवा या माशीला चिकटतात आणि तिच्या स्वारीने दुसऱ्या कबुतरावर उतरतात. माशीवर इलाज केला की उवांची गाडीच बंद!

१२. चोचीचं टोक कापू नका

कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे आलेलं असतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी काही कबुतरांचं ते टोक छाटून बघितलं. त्या कबुतरांच्या अंगावर उवा भराभरा वाढल्या. पिसं साफ करताना उवा चिरडायचं हत्यार म्हणजे तेच टोक.

तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात पांढऱ्या, काळ्या आणि करड्या कबुतरांवर उवा सोडल्या. चार वर्षांत, म्हणजे उवांच्या सुमारे ६० पिढ्यांत, पांढऱ्या कबुतरांवरच्या उवा फिकट झाल्या आणि काळ्यांवरच्या गडद. कारण चोचीला दिसली ती ऊ मेली आणि पिसांच्या रंगात मिसळली ती वाचली. त्यामुळे पांढऱ्या लक्क्यावर उवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीतच, असं धरू नका. पंख उजेडासमोर पसरून बघा.

१३. ओली जमीन, रक्ती हगवण

कॉक्सिडिया नावाचा परजीवी आतड्यात वाढतो. वजन घटतं, हगवण लागते. विष्ठेतून बाहेर पडलेला त्याचा बीजकोष लगेच रोग देत नाही. त्याला आधी ओल, ऊब आणि एक-दोन दिवस लागतात. रोज झाडलं आणि जमीन कोरडी ठेवली तर त्याला पिकायला वेळच मिळत नाही.

कोंबडीचा कॉक्सिडिया वेगळा आणि कबुतराचा वेगळा, त्यामुळे हा रोग एकीकडून दुसरीकडे जात नाही. तपासणी सोपी आहे: दोन-तीन सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात द्या. मिठाच्या दाट पाण्यात ती ढवळली की जंतांची अंडी आणि हे बीजकोष वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात.

१४. जंताचं औषध, कबुतराला विष

गाई-म्हशींना, बकऱ्यांना जंतासाठी फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल सर्रास देतात. घरात बाटली असतेच, मग दोन थेंब कबुतरालाही पाजले जातात. हे मुळीच करू नका. या गटातल्या औषधांनी कबुतरांच्या हाडांतल्या मगजावर परिणाम होतो, रक्तपेशी घटतात, नवी येणारी पिसं वेडीवाकडी होतात आणि कबुतर दगावल्याच्याही नोंदी आहेत. कबुतराला चालणारी जंतनाशकं वेगळी असतात आणि ती वजनाप्रमाणे द्यायची असतात. म्हैस आणि तीनशे ग्रॅमचं पाखरू यांच्यात अंदाजाचं माप चालत नाही.

१५. औषध चालू, चुनखडी बंद

एकाच डोळ्यातून पाणी, पापणी सुजलेली, नाक भरलेलं आणि कबुतर मलूल. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात क्लॅमिडियाचा संशय येतो. हा जंतू माणसालाही लागतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. त्यावर डॉक्सिसायक्लिन देतात. पण शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडी समोर असेल तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध अंगाला लागत नाही. म्हणून कोर्स चालू असेपर्यंत चुनखडी उचलून ठेवतात.

पंखाचा सांधा सुजला, कबुतर लंगडायला लागलं तर साल्मोनेलाचा संशय घेतात. कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे प्रयोगशाळाच सांगते. आधीच मनाने गोळी दिली तर तपासणीत जंतू हाती लागत नाही. अशा कबुतराला हाताळणाऱ्या माणसाला ताप-खोकला आला, तर आपल्या डॉक्टरांना "घरी कबुतरं आहेत" हे आवर्जून सांगा.

१६. पेरणीचे रंगीत दाणे

जूनमध्ये खरिपाची पेरणी झाली की उरलेलं बियाणं घरात येतं. गुलाबी, लाल, निळा रंग चढवलेले ते दाणे म्हणजे बीजप्रक्रियेचं औषध लावलेलं बियाणं. ते कबुतराला विष आहे. लाळ गळणं, थरथर, झटके, पाय लुळे पडणं असं अचानक दिसलं तर तो रोग नसून विषबाधा असू शकते. शक्य तर बियाण्याची पिशवी बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. विष कोणतं ते कळलं तर उतारा लवकर ठरतो.

पावसात भिजलेला, बुरशी आलेला मकाही तितकाच वाईट. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. वाया जाईल म्हणून खराब धान्य कबुतरांपुढे टाकू नका.

१७. मे महिन्यात जोडी आणताय?

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कबुतराला घामाच्या ग्रंथी नसतात. तरी ते कातडीतून पाण्याची वाफ सोडून अंग थंड ठेवू शकतं. इस्रायलमधल्या प्रयोगांत, उष्णतेला हळूहळू सरावलेली कबुतरं ६० अंशांच्या कोरड्या हवेतही तग धरून राहिली.

यातला मुख्य शब्द आहे 'सरावलेली'. थंड गावाहून एसटीच्या डिकीत, खोक्यात कोंबून आणलेलं कबुतर सरावलेलं नसतं. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर आधी सावली, वारा आणि पाणी द्या. मग बाकीचं बघा. कबुतर चोच पाण्यात बुडवून एका दमात ओढून पितं, त्यामुळे भांडं किमान दोन बोटं खोल हवं.

१८. नवापूरने शिकवलेला धडा

फेब्रुवारी २००६. आपल्याच खानदेशातलं नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर देशभराच्या बातम्यांत आलं. भारतातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्री फार्मवर सापडला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

प्रयोगांत बहुतेक कबुतरं या विषाणूला फारशी दाद देत नाहीत असं दिसलं आहे. पण ती पूर्ण सुरक्षित नाहीत. त्यामुळे एकाएकी चार-पाच पाखरं मेली तर लपवू नका, उरलेली घाईघाईने विकू नका. मेलेलं पाखरू हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फ्रीजरमध्ये गोठवलं तर शवविच्छेदनात बरंच काही कळेनासं होतं. पुढची तपासणी लागली तर पुण्याच्या औंधमध्ये राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी टोल फ्री क्रमांक आहे १९६२.

१९. कबुतर स्वतःच निदान करतं तेव्हा

२०१५ मध्ये अमेरिकेत कबुतरांना स्तनाच्या गाठींच्या पेशींची चित्रं दाखवली. कॅन्सरचं चित्र बरोबर ओळखलं की दाणा. दोनेक आठवड्यांत कबुतरांची उत्तरं सुमारे ८५ टक्के बरोबर यायला लागली. न पाहिलेली चित्रंही ती ओळखू लागली, आणि चार कबुतरांची मतं एकत्र केली तर अचूकता ९९ टक्क्यांपर्यंत गेली! मॅमोग्राममधल्या गाठींच्या बाबतीत मात्र ती अडली. पाहिलेली चित्रं पाठ झाली, नवी ओळखता आली नाहीत.

जे पाखरू बारीक फरक इतके नेमके टिपतं, त्याच्या अंगातले बारीक फरक आपणही टिपायला हवेत.

२०. तीस दिवसांचा कार्यक्रम

पहिला दिवस: वेगळी खोली किंवा वेगळा पिंजरा, जुन्या ढाबळीपासून जमेल तितका लांब. वजन, घसा, डोळे, सांधे, पंख बघून वहीत नोंद.

पहिला आठवडा: औषध नाही. स्वच्छ पाणी, मिसळीचं धान्य, शांतता. रोज सकाळी कागदावरची शिट बघा.

दुसरा आठवडा: विष्ठेची आणि घशाची तपासणी. जे सापडेल त्याचाच इलाज, डॉक्टरांनी दिलेल्या मापाने आणि दिवसांनी. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका; उरलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत.

तिसरा आठवडा: तब्येत ठीक असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मानमोडीची लस. तिचा जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात. उवा-माश्यांवर उपाय आणि पिंजऱ्याची कसून सफाई.

चौथा आठवडा: आपल्या ढाबळीतलं एक धट्टंकट्टं कबुतर नव्या जोडीच्या पिंजऱ्यात सोबतीला ठेवा. बाहेरून निरोगी दिसणारी नवी जोडी काही रोग बाळगून असेल, तर तो आधी या एकट्यावर दिसेल आणि बाकीची ढाबळ वाचेल. जुने जाणते कबुतरबाज ही युक्ती वापरतात.

या महिन्याचा आणखी एक फायदा आहे. नवं कबुतर लगेच मोकळं सोडलं तर ते जुन्या मालकाच्या घराकडे उडून जातं. महिनाभरात त्याला तुमचा आवाज, तुमच्या दाण्याची वेळ आणि धाब्यावरून दिसणारा परिसर ओळखीचा होतो. तीस दिवस झाले, वजन टिकून आहे, शिट घट्ट आहे, घसा गुलाबी आहे आणि सोबतीचं कबुतरही ठणठणीत आहे, एवढं जुळलं की खुशाल ढाबळीचं दार उघडा!